आयरिश भाषेतला ‘शॅन’

आयरिश भाषेत ‘जुना’, ‘म्हातारा’ या अर्थाचा शब्द आहे ‘शॅन’. रोमन लिपीत तो एस, ई, ए, एन अशा चार अक्षरांनी लिहितात. त्यातला ई उच्चारायचा नसतो. आधीचा एस हा ‘स’ नसून ‘श’ आहे, एवढे सांगण्यापुरताच तो तिथे असतो.

या शब्दामागे आद्य केल्टिक आणि त्याही आधीच्या आद्य इंडो-युरोपीय भाषेतला ‘सेनोस’ असा शब्द अभ्यासक मानतात. लॅटिनमधला ‘सेनेक्स’ म्हणजे म्हातारा, लिथुएनियन ‘सेनस’ आणि ऋग्वेदातला ‘सन’ ही त्याचीच भावंडे. मराठीतला वर्षवाचक ‘सन’ अरबीतून आलेला, त्याचा इथे संबंध नाही. पण ‘सनातन’मध्ये हा जुना ‘सन’ टिकून आहे. वेल्शमध्ये आरंभीच्या ‘स’चा ‘ह’ होऊन ‘हेन’ झाले. अवेस्तात तसाच बदल स्वतंत्रपणे घडला आणि ‘हन’ हे रूप आले.

आयरिशमध्ये विशेषण सहसा नामानंतर येते. ‘चॅख’ म्हणजे घर, ‘चॅख मोर’ म्हणजे मोठे घर. ‘शॅन’ मात्र बहुधा नामाआधी येऊन त्याला चिकटतो, आणि खरी गंमत या जोडावर होते. पुढच्या नामाचे पहिले व्यंजन मऊ पडते. ‘बॅन’ म्हणजे बाई, पण म्हातारी ती ‘शॅनव्हॅन’. ‘फोकल’ म्हणजे शब्द. ‘शॅनोकल’मध्ये ‘फ’ पार गळतो आणि अर्थ होतो म्हण. त, द, स यांना मात्र हा नियम लागत नाही, कारण त्यांचे उच्चारस्थान ‘न’च्या जवळचेच आहे. कॉर्क शहरातल्या ‘शॅन्डन’ या भागाच्या नावात जुना किल्ला दडला आहे, आणि किल्ल्यासाठीच्या आयरिश शब्दातला ‘द’ जागचा हललेला नाही. दक्षिणेकडच्या मन्स्टर बोलीत याच उपसर्गाचे ‘शॅना’ असेही रूप ऐकू येते.

वाक्यात विधेय म्हणून ‘शॅन’ सुटाही वापरतात, तरी माणसाच्या वयासाठी ‘ईस्ता’ हा दुसरा शब्द आज रुळलेला आहे. सुट्या विशेषणाचे अनेकवचन ‘शॅना’. स्त्रीलिंगी षष्ठीत ते ‘शिने’ होते. तुलनेसाठीही हेच ‘शिने’ चालते: ‘नीस शिने’ म्हणजे अधिक जुना, ‘इस शिने’ म्हणजे सर्वांत जुना. थोरल्या भावाला आयरिश माणूस याच रूपाने ओळखतो. प्राचीन आयरिशमधले तुलनेचे रूप लॅटिनच्या ‘सेनिऑर’शी सख्खे नाते सांगते, इंग्रजीतून मराठीत आलेला ‘सीनियर’ तो हाच.