चौथा डबा

चौतीस वर्षं मी पिंपरीतल्या एका कारखान्यात नोकरी केली. तिन्ही पाळ्या केल्या. या काळात डबे किती उघडले याचा हिशेब नाही. भरला मात्र एकही नाही. ही गोष्ट माझ्या ध्यानात आली ती निवृत्तीनंतर दोन वर्षांनी. बायको न्हाणीघरात घसरून पडली आणि तिचा उजवा हात सहा आठवड्यांसाठी प्लास्टरमध्ये गेला.

मुलगा चाकणला नोकरीला. पहिल्या पाळीच्या आठवड्यात त्याची बस सहाच्या आत थांब्यावर येते. नातवाची शाळा साडेसातची. सून भोसरीतल्या एका वर्कशॉपच्या ऑफिसात, ती नऊला स्कूटर काढते. म्हणजे घरातून तीन डबे निघतात. ‘‘मी करतो सगळं,’’ मी म्हणालो. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

पहिल्या दिवशी चारला उठून बायकोला विचारलं, ‘‘मटकीची उसळ टाकू का?’’

‘‘मटकी भिजवलीय का?’’

नव्हती.

‘‘अहो, ती काल सकाळी भिजत घालायला हवी होती. रात्री फडक्यात बांधली असती, तर आत्ता मोड आलेले असते.’’

त्या दिवशी मुलाच्या डब्यात ब्रेड-जॅम गेलं.

आपल्याकडे ‘झटपट स्वयंपाक’ म्हटलं की गॅसवरची मिनिटं मोजतात. पण उसळ दहा मिनिटांत होते, कारण तिच्यामागे चोवीस तासांची आठवण असते. थालीपीठ झटपट होतं, कारण ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभराडाळ, उडीदडाळ, धणे कुणीतरी आधी भाजून दळून ठेवलेले असतात. दाण्याचं कूट, लसणाची चटणी, निवडलेली मेथी, आदल्या रात्री भिजवलेली डाळ ही सारी मागच्या दाराने आलेली मदत. सकाळी आपल्याला दिसतो तो फक्त शेवटचा अर्धा तास. आमच्याकडे हे सगळं वेळापत्रक भिंतीवरच्या कालनिर्णयवर होतं. तारखांच्या चौकोनांत दुधाच्या हिशेबाशेजारी बारीक अक्षरांत ‘मूग’, ‘छोले’, ‘भाजणी संपली’ अशा नोंदी होत्या. इतकी वर्षं मी त्या कॅलेंडरवर फक्त सुट्ट्या पाहिल्या.

हा पट्टा डब्यांवरच उभा राहिला आहे. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, मग टेल्को, बजाज आणि त्यांच्या मागे शेकडो लहान वर्कशॉपं. सातारा, सांगली, सोलापूर, मराठवाडा, कोकण अशा सगळीकडून माणसं आली आणि प्रत्येक जण आपापली चव घेऊन आला. जेवणाच्या सुट्टीत एकाच टेबलावर बाजरीची भाकरी, शेंगापोळी आणि कुळथाचं पिठलं फिरायचं. अडीचशेहून अधिक कामगारांच्या कारखान्याला कँटीनचं बंधन १९४८च्या कायद्याने घातलं होतं, पण लहान वर्कशॉपच्या माणसाला डब्यावाचून गत नव्हती. कांद्याच्या बाजारासाठी ओळखलं जाणारं चाकण पुढे मोटारींचं गाव झालं. २००९-१०च्या सुमारास तिथे फोक्सवॅगन, महिंद्र यांचे कारखाने सुरू झाले. यंत्रं बदलली. पहाटे उठणारी बाई बदलली नाही.

बायको खुर्चीवर बसून सांगे आणि मी करे. हळूहळू चार पदार्थ हाती बसले. पहिली, एक वाटी तांदळाला एक वाटी मूगडाळ घालून केलेली खिचडी. त्यात गाजर, मटार, मूठभर पालक, हिंग-हळद, आणि कुकरच्या तीन शिट्ट्या. दुसरी, मोड आलेल्या मटकीची उसळ, वरून लिंबू. तिसरं पिठलं, सोबत ज्वारीची भाकरी. चौथं, किसलेला दुधी घातलेलं थालीपीठ आणि दही. भाकरीने मात्र माझा अंत पाहिला. पहिला आठवडाभर ती परातीतून तव्यापर्यंत अखंड पोचलीच नाही.

हे सगळं गरिबाचं जेवण म्हणून आपण खाली लेखतो, पण त्यामागचं शास्त्र पक्कं आहे. ज्वारी-तांदळाच्या प्रथिनांत लायसिन कमी असतं, ते डाळींत भरपूर. डाळींत मिथिओनिन कमी, ते धान्यात मिळतं. म्हणून भाकरी-उसळ किंवा डाळ-तांदूळ एकत्र खाल्ले की एकाची उणीव दुसरं भरून काढतं. मोड आले की कडधान्यात ‘क’ जीवनसत्त्व वाढतं आणि लोह शोषायला आड येणारं फायटिक आम्ल कमी होतं. वरून लिंबू पिळलं की धान्या-भाज्यांतलं लोह अंगी लागायला आणखी मदत होते. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात सुमारे पंचवीस ग्रॅम प्रथिनं असतात, तेव्हा भाजीत कूट घालणारी आजी नुसती चव पाहत नव्हती. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्य वर्ष म्हणून साजरं केलं, तेव्हा ज्वारी-बाजरीला पुन्हा भाव आला. आमच्या परातीतून ती कधी गेलीच नव्हती.

हे पोषण जिच्या हातून घरभर वाटलं जात होतं, तिचं काय? हाताच्या उपचारात रक्त तपासलं, तेव्हा बायकोचं हिमोग्लोबिन ८.८ निघालं. ते बारा तरी हवं. डॉक्टरांनी विचारलं, ‘‘सकाळी काय खाता?’’ ती म्हणाली, ‘‘चहा.’’ ‘‘आणि मग?’’ ‘‘सगळे गेले की उरलंसुरलं, नि पुन्हा चहा.’’ मी शेजारीच बसलो होतो. मान वर करवेना. जेवणासोबतचा चहा लोहाचं शोषण रोखतो. म्हणजे उरलेली उसळ तिच्या पोटात जात होती, पण तिचा पुरा लाभ तिला मिळत नव्हता. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, कारण इतकी उणीव एकट्या जेवणाने भरून निघत नाही; आणि चहा जेवणापासून तासभर दूर ठेवायला सांगितला.

आमच्या घरापुरतीच ही गोष्ट असती तर लिहिलं नसतं. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. महाराष्ट्रातही प्रमाण निम्म्याहून अधिकच होतं. २०१९च्या वेळ-वापर पाहणीत विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया शंभरात ८१ होत्या, तर पुरुष २६. त्या स्त्रियांचा दिवसातला वेळ सरासरी २९९ मिनिटं, पुरुषांचा ९७. त्या उरलेल्या चौऱ्याहत्तरांत मी चौतीस वर्षं होतो. आणि कॅलेंडरच्या चौकोनातली आठवण या मिनिटांत कुणी धरली असेल, असं मला वाटत नाही.

मुलाच्या खात्यातली चार पोरं महाळुंग्यात एका खोलीत राहतात. बीड, परभणीकडची, कंत्राटी. सकाळी वडापाव, दुपारी कँटीन, रात्री मेस बंद असली की पुन्हा वडापाव. एका रविवारी ती घरी आली. ‘‘घरी आई करायची, आम्ही कधी बघितलंच नाही काका,’’ त्यातला एक म्हणाला. माझंच वाक्य तो बोलत होता. त्यांना कुकर आणि खिचडीचं प्रमाण दिलं. पण बजावलं ते निराळंच : चौघांपैकी एकाने रोज रात्री उद्याचं भिजत घालायचं आणि त्याची पाळी भिंतीवर लिहायची. खिचडी कुणालाही जमते, आठवण ठेवणं शिकावं लागतं.

प्लास्टर निघालं. बायको पुन्हा ओट्याशी उभी राहिली. तिच्या हाताची चव मला येणार नाही, आणि तिलाही स्वयंपाक सोडायचा नव्हता. आम्ही वाटणी केली. भिजवणं, मोड बांधणं, निवडणं, कूट करणं, पीठ दळून आणणं माझ्याकडे. मुलगा दुसऱ्या पाळीला असला की सकाळच्या भाकऱ्या तो करतो. माझ्यापेक्षा बऱ्या करतो. कॅलेंडरवर आता तीन हस्ताक्षरं आहेत.

आणि ओट्यावर डबे चार असतात. सगळ्यांच्या आधी भरायचा तो तिचा, ती घरीच असली तरी. पहिल्या दिवशी ती हसली, ‘‘मला कुठं जायचंय डबा घेऊन?’’ पण आठच्या ठोक्याला उघडून बसते. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन साडेदहावर आलं, अजून वर जायचं आहे.

आज रविवार. उद्यापासून मुलाची पहिली पाळी. मटकी सकाळीच भिजत घातलीय, रात्री बांधायची आहे.