चोवीस कामट्यांचा कंदील

नवरात्राच्या सुमारास पाऊस ओसरतो. दुपारी ऑक्टोबरचं ऊन चटके देतं, पहाटे मात्र पायाशी चादर लागते. गल्लीत पाटावर हत्ती काढून भोंडल्याचा फेर धरलेला असतो, डब्यातली खिरापत ओळखायची चढाओढ चाललेली असते. तिकडे विदर्भ-खानदेशात भुलाबाई बसलेल्या असतात. आमच्या घरात तेव्हा एकच प्रश्न असे : कामट्या आणल्या का?

कंदील शरदातच शोभतो, आणि त्याला साधं कारण आहे. पाऊस सरल्याशिवाय कागद उघड्यावर टांगता येत नाही, ओल्या हवेत खळ वाळत नाही. कार्तिकात उंच काठीला आकाशदीप लावायची चाल जुनी आहे. घरोघरचा कंदील तिच्याच कुळातला.

कामट्या बुरडाकडून आणायच्या. पुण्यात त्यांच्या नावाची आळीच आहे. कामटी करंगळीहून बारीक हवी, आणि पेर नेमकं टोकाशी येऊ द्यायचं नाही, नाहीतर दोरा बसत नाही. आठ-आठ इंचांचे चोवीस तुकडे करायचे. सोळांचे चार चौकोन बांधायचे, ते कोनावर उभे करून शेजारच्याच्या कोपऱ्याला कोपरा जोडायचा. उरलेल्या आठांतल्या चारांनी वरची टोकं सांधायची, चारांनी खालची. सहा चौकोन, मधल्या फटींत आठ त्रिकोण, एकूण बारा सांधे.

इथवर सगळं छान असतं. मग सांगाडा उचलला की तो पिळवटतो, हातात चक्क बसतो! पहिल्यांदा मी दोरा ढिला पडला म्हणून पुन्हा सगळे सांधे आवळले, तरी तेच. काकांनी पाहिलं आणि प्रत्येक चौकोनात एकेक तिरकी कामटी बांधायला लावली. सव्वाअकरा इंचांच्या सहा कामट्या. शेवटची बसली तसा कंदील ताठ झाला. त्रिकोण जागचा हलत नाही, चौकोन कलंडतो. भूमितीच्या तासाला न कळलेली गोष्ट अशी ओटीवर कळली. वरच्या तिरक्या कामटीला पुढे बल्बची वायर बांधता येते, हा वरकड फायदा.

खळ मैद्याची. मैदा आधी गार पाण्यात कालवायचा, थेट गरम पाण्यात टाकला तर गुठळ्या होतात. मंद आचेवर ढवळत राहायचं. पांढरेपणा जाऊन चकाकी आली की उतरवायची. झुरळं लागू नयेत म्हणून तिच्यात चिमूटभर मोरचूद घालतात. तो विषारी, म्हणून खळीचं पोचे पडलेलं पातेलं वेगळं असे, आणि त्याला कुणी हात लावला की आईचा आवाज चढे.

कागद पतंगाचा. प्रत्येक बाजूला अर्धा इंच जास्त ठेवून कापायचा आणि कामटीवरून दुमडून आत चिकटवायचा. एवढं करूनही सुरकुत्या राहतातच. त्यावर उपाय म्हणजे खळ वाळल्यावर ओल्या फडक्याने कागदावर अगदी पुसटसा हात फिरवणे. कागद आधी सैल पडतो, जीव घाबरा होतो. पण वाळता वाळता तो आक्रसतो आणि तासाभरात डफासारखा ताणून बसतो. टिचकी मारली तर वाजतो. मग कडांना करंज्या, खाली झिरमिळ्या. या दोन कामांत घरातल्या प्रत्येकाची मतं वेगळी, त्यामुळे वेळ इथेच जातो.

माहीमच्या कंदील गल्लीतून फिरलं की आपला कंदील गबाळा वाटतो, हे खरं. प्लास्टिकचे घडीचे कंदील तर पाच मिनिटांत लागतात. मला त्यांचा राग नाही. फक्त त्यांच्यात पाहण्यासारखं आत काही नसतं. कामट्यांच्या कंदिलात दिवा लागला की पिवळ्या कागदावर तिरक्या कामटीची सावली उमटते, आणि वाऱ्याने कंदील फिरला की ती भिंतीभर हिंडते.

त्रिपुरी पौर्णिमा झाली की कागद फाडून सांगाडा माळ्यावर जाई. एका वर्षी मोरचूद घालायचा राहिला. पुढच्या आश्विनात सांगाडा उतरवला तर खळीच्या लोभाने उंदरांनी दोरासुद्धा कुरतडलेला. सांधे सुटले होते, पण चोवीस कामट्या शाबूत होत्या. त्याच मोजून पुन्हा बांधायला बसलो.