लाठी-शिक्षण

बांबूची लांब काठी शस्त्र म्हणून चालविण्याचे पद्धतशीर शिक्षण. महाराष्ट्रात ते स्वतंत्रपणे क्वचितच दिले गेले. कुस्ती, मल्लखांब, लेझीम, फरीगदगा, दांडपट्टा व बोथाटी यांच्या जोडीने, आखाड्याच्या वा व्यायामशाळेच्या एकत्रित अभ्यासक्रमातच ते मुख्यत्वे टिकून राहिले.

लाठी भरीव बांबूची व साधारणतः पुरुषभर उंचीची असते. ती दोन्ही हातांनी, पकड सतत बदलत फिरवितात. अनेकांचा घेराव झाल्यास वेगाने फिरणाऱ्या काठीमुळे प्रतिपक्ष अंतरावर राहतो. एकास एक झुंजीत मात्र नेमके वार व त्यांची अडवणूक यांना महत्त्व येते. शिर, तमाचा, बाहेरा, कमर ही वारांची नावे बहुधा लक्ष्यस्थानावरून वा वाराच्या दिशेवरून पडलेली आहेत.

विदर्भात या शिक्षणाला संस्थात्मक रूप आले ते अमरावती येथे वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये स्थापन केलेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळामुळे. देशी व्यायामप्रकार आणि आधुनिक शारीरिक शिक्षण यांची तेथे सांगड घालण्यात आली. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके केली. त्याच वर्षी विजयादशमीस लगतच्या वर्धा जिल्ह्यात, वर्धा शहरी, लक्ष्मीबाई केळकर (१९०५–७८) यांनी राष्ट्र सेविका समिती स्थापन केली. तिच्या शाखांतून मुलींना व स्त्रियांना लाठी शिकविली जाऊ लागली. आखाडा हे तोवर जवळजवळ केवळ पुरुषांचे क्षेत्र होते, हे ध्यानी घेता ही घटना लहान नव्हे.

मिश्र अभ्यासक्रमात लाठी टिकली, पण बदललीही. शंभर विद्यार्थ्यांच्या वर्गाला एका शिटीवर पवित्रे व काठीचे फेरे शिकविता येतात. जोडीची झुंज तशी शिकविता येत नाही, कारण प्रत्येक जोडीवर शिक्षकाची नजर लागते. परिणामी सामुदायिक वर्गांत कवायत उरते आणि वार अडविण्याची कला मागे पडते. संचलनातील लाठी पाहून या विद्येची परीक्षा करणे म्हणूनच योग्य ठरत नाही.

फिलिपीन्समधील आर्निस (एस्क्रिमा वा काली) या यष्टियुद्धाने हाच प्रश्न वेगळ्या रीतीने सोडविला. त्यात सु. ७० सेंमी. लांबीची वेताची छडी वापरतात. वारांना बहुधा नावांऐवजी क्रमांक असतात आणि तो क्रमांक शस्त्राचा नसून वाराच्या दिशेचा असतो. तीच दिशा छडी, सुरी वा रिकामा हात या तिहींना लागू पडते. त्यामुळे कराटे वा अन्य पद्धतीच्या विद्यार्थ्यास ही विद्या मूळ शिक्षण न सोडता आत्मसात करता येते. पूर्वी सरावातही प्रतिस्पर्ध्याच्या हातावर प्रहार करीत व इजा होई. रेमी प्रेसास (१९३६–२००१) यांनी आपल्या ‘मॉडर्न आर्निस’ पद्धतीत सरावापुरता छडीवर छडीचा आघात रूढ केला आणि अन्य पद्धतींच्या शाळांत तिचा प्रसार केला. अमेरिकेत ब्रूस ली यांचे शिष्य डॅन इनोसॅंटो यांनी काली व जीत कुन दो यांचे शिक्षण एकत्र दिले. फिलिपीन्सने २००९ मध्ये कायद्याने आर्निसला राष्ट्रीय युद्धकला व क्रीडाप्रकार ठरविले. एकट्याची कवायत त्यातही आहे, परंतु भर जोडीच्या सरावावर राहिला.

साहित्यातील फरकही येथे विचारात घ्यावा लागतो. वेत आघाताने झिजून त्याचे तंतू सुटतात. बांबू उभा चिरतो व त्याच्या कपच्या धारदार असतात. जाड लाठीचा पूर्ण जोराचा वार सरावात घेणे तर अशक्यच. जुन्या आखाड्यांत ही उणीव फरीगदग्याने भरून निघे : चामड्याने मढविलेला गदगा व हातातील लहान ढाल यांमुळे विद्यार्थी खऱ्या वेगाने वार करू व अडवू शके, आणि तेथे तयार झालेली नजर लाठीस उपयोगी पडे. फरीगदगा अभ्यासक्रमातून गळाला, तेथे लाठीच्या विद्यार्थ्याला ही संधी उरली नाही.