घरची भाषा कोणती?

परवा शेजारच्या बिल्डिंगमधली एक तरुण आई लेकीच्या प्रवेशाचा फॉर्म घेऊन आली. शाळा अर्थातच 'इंटरनॅशनल'! 'काकू, जरा एकदा नजर टाका ना,' म्हणाली. बघते तर 'घरी बोलली जाणारी भाषा' या रकान्यात तिने लिहिलं होतं, 'इंग्लिश.'

'अगं, तुझ्या सासूबाई तर बीडच्या. त्यांचं काय?' मी विचारलं. ती ओशाळली. 'मराठी लिहिलं तर ॲडमिशन मिळत नाही म्हणतात. आईंनाही सांगितलंय, तिच्याशी जमेल तसं इंग्लिशच बोला.'

त्या आजी रोज संध्याकाळी नातीला झोपाळ्यावर घेऊन गोष्टी सांगायच्या. हल्ली 'कम', 'सिट', 'ईट' एवढंच ऐकू येतं. गोष्टी बंद!

मला राहवलं नाही. म्हटलं, बघू तरी ही 'आयबी' काय म्हणते ते. ही संस्था 1968 मध्ये जिनिव्हात सुरू झाली. अकरावी-बारावीच्या तिच्या डिप्लोमाच्या मुख्य भाषा तीन: इंग्रजी, फ्रेंच आणि स्पॅनिश. म्हणजे इंटरनॅशनल म्हणजे फक्त इंग्रजी, हे आपणच ठरवून टाकलेलं! जपानने तर 2013 मध्ये संस्थेशी बोलणी करून डिप्लोमाचे काही विषय जपानीतून शिकवायची सोय करून घेतली. प्राथमिकचा अभ्यासक्रम तर शाळा कुठल्याही भाषेतून शिकवू शकते. शाळेत शिक्षक नसला तरी मोठ्या मुलांना आपल्या भाषेतलं साहित्य स्वतः अभ्यासून परीक्षेला घेण्याचीही वाट ठेवलेली आहे.

आपल्याकडच्या या शाळा इंग्रजीतूनच शिकवतात, हे खरंच. पण 2020 च्या कायद्याने महाराष्ट्रात सगळ्या बोर्डांच्या शाळांना मराठी विषय शिकवणं सक्तीचं झालं, आयबीसुद्धा त्यात आली. कॅनडातले भाषातज्ज्ञ जिम कमिन्स यांनी तर 1979 मध्येच मांडलं होतं, की पहिली भाषा पक्की असली की तिचा आधार दुसऱ्या भाषेला मिळतो. म्हणजे आजीच्या गोष्टी इंग्रजीच्या आड येत नाहीत, उलट तिला हात देतात.

हे सगळं तिला सांगितलं. 'अगं, खरी भाषा लिही. लेकीला कुठे मदत लागेल, हे शाळेला त्यावरूनच कळायचं ना?' ती बराच वेळ गप्प बसली. मग पेन घेऊन 'इंग्लिश' खोडलं आणि 'मराठी' लिहिलं. हात जरा थरथरत होता तिचा.

प्रवेशाचं काय होतं ते पुढच्या महिन्यात कळेल. पण काल संध्याकाळी झोपाळ्याची कुरकुर ऐकू आली, आणि पाठोपाठ आजींचा आवाज, 'एक होता राजा...' नातीने लगेच विचारलं, 'मग?'

मैत्रिणींनो, शाळा कुठलीही निवडा. पण त्या रकान्यात खरं उत्तर लिहायला आपण का घाबरतो, याचा एकदा विचार करायला हवा, नाही का?