खलिफा म्हणजे बादशहा नव्हे

सेलू 1948पर्यंत हैदराबाद संस्थानात होते. त्या काळच्या महसुली कागदांवर फसली सन आढळतो. मुघलांनी तो शेतसाऱ्याच्या सोयीसाठी हिजरी सनावरून बेतला आणि हिजरी कालगणना सुरू केली दुसरे खलिफा, म्हणजे पैगंबर मुहंमदांचे दुसरे उत्तराधिकारी, उमर यांनी. पणजोबांच्या शेताच्या कागदापर्यंत ज्यांचा हात पोचला, त्या उमर यांच्यासह पहिल्या चार खलिफांविषयी आपल्याकडे मात्र बरीच सरमिसळ आहे.

गैरसमज : खलिफापद बापाकडून मुलाकडे जाई.
वस्तुस्थिती : पहिल्या चौघांपैकी (632 ते 661) कोणीही बापाच्या गादीवर बसले नाही. अबू बक्र यांना मदिनेत जमलेल्यांनी निवडले. त्यांनी उमर यांना नेमले. उस्मान सहा जणांच्या मंडळातून पुढे आले. अली यांना मदिनेतल्या लोकांनी गळ घातली. या निवडींवर एकमत कधीच नव्हते. पहिला हक्क अलींचाच होता, असे शिया परंपरा मानते. घराणेशाही आली ती नंतर, अलींपाठोपाठ सत्तेवर आलेल्या मुआविया यांनी मुलगा यझीद याला वारस नेमले तेव्हा. अलींचे पुत्र हुसेन यांनी त्याला मान्यता नाकारली आणि 680 मध्ये करबलाच्या लढाईत ते मारले गेले. मराठवाड्यात मोहरमला सवाऱ्या निघतात, त्यांच्या मुळाशी हा नकार आहे.

गैरसमज : खलिफा ऐषारामात लोळत.
वस्तुस्थिती : हे चित्र हरून अल रशीदच्या बगदादचे, म्हणजे शंभरावर वर्षांनंतरचे. अबू बक्र कापडाचे व्यापारी होते. खलिफा झाल्यावर घरखर्चापुरता तनखा घेत. उमर यांच्या अंगावरच्या ठिगळांच्या आठवणी अरब इतिहासकारांनी जपल्या आहेत. उस्मान श्रीमंत होते, पण ती श्रीमंती आधीच्या व्यापारातली.

गैरसमज : तुर्कांची उस्मानी खिलाफत तिसऱ्या खलिफांच्या नावाची.
वस्तुस्थिती : ते नाव तुर्क घराण्याचा मूळपुरुष उस्मान याचे. ही खिलाफत 3 मार्च 1924 रोजी बरखास्त झाली. तिच्या शेवटच्या खलिफांची कन्या दुर्रुशेहवार 1931 मध्ये निजामाची सून झाली.

गैरसमज : चौघे एकाच स्वभावाचे, कधीही न चुकणारे.
वस्तुस्थिती : उमर कडक होते, खालिद बिन वलीदसारख्या विजयी सेनापतीलाही त्यांनी पदावरून दूर केले. उस्मान यांनी कुराणाची प्रमाण संहिता सिद्ध करवली, पण नातलगांना प्रांत दिल्याने असंतोष पेटला. अलींनी 657 मध्ये सिफ्फीनच्या लढाईत लवाद स्वीकारला, तेव्हा त्यांचेच काही साथीदार उलटले.

चौघांपैकी तिघांचा खून झाला. ज्यांच्या फौजांनी सीरिया, इराण, इजिप्त जिंकले, ते उमर पहाटेच्या नमाजात भोसकले गेले. उस्मान यांना बंडखोरांनी घरात गाठले. अलींवर कूफ्याच्या मशिदीत वार झाला. लोकांत मिसळून राज्य करण्याची ही किंमत होती. त्यांच्यानंतरच्या राजवटींनी खलिफाभोवती पहारे बसवले आणि खलिफापर्यंत पोचणारी माणसांची वाटही तिथेच अडली.