डॅशबोर्डवरच्या आकड्याची वंशावळ

बीड जिल्ह्यातील श्रीक्षेत्र नारायणगड म्हणजे नगद नारायण महाराजांचे संस्थान, भाविकांची ‘धाकटी पंढरी’. १२ ऑक्टोबर २०२४ रोजी, दसऱ्याच्या दिवशी, मनोज जरांगे पाटील यांचा मेळावा या गडावर झाला आणि नारायणगडाचे नाव राज्यभरातल्या मोबाइलवर पोहोचले. तोवर जिल्ह्याच्या रोजच्या बोलण्यात दोन शब्द चांगलेच रुळले होते : नोंद आणि वंशावळ. पणजोबांची कुणबी नोंद जुन्या कागदात सापडली, तरी आपण त्यांचेच पणतू आहोत हे वंशावळीने जोडून दाखवावे लागते. हे आता बीडमध्ये कुणाला समजावून सांगावे लागत नाही.

संगणकाच्या पडद्यावर दिसणाऱ्या आकड्यांचेही असेच आहे. सरकारी कार्यालयात, बँकेत, साखर कारखान्यात, सगळीकडे आता डॅशबोर्ड आले आहेत. रंगीत तक्ते, मोठ्या अक्षरातले आकडे, लाल-हिरवे बाण. हा आकडा कोणत्या कागदातून आला, मध्ये कुणी काय गाळले, शेवटचा कधी बदलला, हे मात्र पडद्यावर नसते. ही माहिती जिथे ठेवतात त्याला मेटाडेटा कॅटलॉग म्हणतात. डॅशबोर्डचे सॉफ्टवेअर या कॅटलॉगला जोडले की आकड्याची वंशावळ दिसू लागते. इंग्रजीतही यासाठी ‘लिनिएज’ हाच शब्द वापरतात, म्हणजे वंशावळच.

५४ लाख म्हणजे नेमके किती?

सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. आधी मराठवाड्यापुरती असलेली ही शोधमोहीम नंतर राज्यभर झाली. जानेवारी २०२४ पर्यंत ‘५४ लाख कुणबी नोंदी सापडल्या’ हा आकडा सर्वतोमुखी झाला. पुढे तो आणखी वाढला.

पण नोंद म्हणजे माणूस नव्हे. एकाच व्यक्तीचे नाव गाव नमुना १४ च्या जन्म-मृत्यू रजिस्टरमध्ये, शाळेच्या प्रवेश-निर्गम रजिस्टरमध्ये आणि जमिनीच्या कागदात असे तीनदा असू शकते. तिथे नोंदी तीन, माणूस एक. उलट, एका नोंदीवरून वंशावळ लावली तर आज हयात असलेले वीस-पंचवीस वारस निघू शकतात. शिवाय विदर्भ, खानदेश, कोकणातल्या अनेक कुटुंबांकडे प्रमाणपत्र आधीपासूनच आहे. त्यामुळे ५४ लाख हा आकडा माणसांचा नाही, कुटुंबांचा नाही आणि नव्या प्रमाणपत्रांचाही नाही. तरीही दोन्ही बाजूंच्या भाषणांत तो ज्याच्या त्याच्या सोयीने वापरला गेला. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या पोस्टरवर तर ‘५४ लाख’ एवढेच होते, पुढे शब्दच नव्हता.

आकड्यापुढे तो शब्द लिहून ठेवण्याची जागा म्हणजे मेटाडेटा. ‘नोंद : एका दस्तातील एक ओळ. एकच व्यक्ती अनेक ओळींत असू शकते.’ इतके एक वाक्य आकड्याला चिकटलेले असते, तर निम्मे वाद तिथेच थांबले असते.

सातबारा आणि फेरफार

ज्याने सातबारा पाहिला आहे त्याला ही जोडणी समजायला वेळ लागणार नाही. उताऱ्यावर नावाजवळ वर्तुळात एक क्रमांक असतो. तो फेरफार क्रमांक. हे नाव इथे कसे लागले, वारसाने, खरेदीने की वाटणीने, हे पाहायचे असेल तर तो क्रमांक घेऊन गाव नमुना ६, म्हणजे फेरफार नोंदवही उघडायची. सातबारा आजची स्थिती सांगतो, फेरफार ती स्थिती कशी आली ते सांगतो.

डॅशबोर्ड म्हणजे सातबारा, कॅटलॉग म्हणजे फेरफार नोंदवही. अडचण अशी की बहुतेक डॅशबोर्डवर तो वर्तुळातला क्रमांकच नसतो. जोडणी करायची म्हणजे तो क्रमांक लावायचा.

सन १३४४

मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे इथले जुने दस्त मोडीत आहेत, उर्दूत आहेत आणि अनेकांवर सन आहे तो फसली. दख्खनी फसली सनात साधारण ५९० मिळवले की इसवी सन येते. कागदावर १३४४ असेल तर तो १९३४-३५ चा.

आता समजा, दस्त स्कॅन करून त्यांचा तक्ता तयार केला आणि एका रकान्याचे नाव ठेवले ‘वर्ष’. एका तालुक्यातल्या ऑपरेटरने कागदावर होते तसे १३४४ टाकले. दुसऱ्याने हिशेब करून १९३४ टाकले. दोघांचेही काम प्रामाणिक. डॅशबोर्डला मात्र फरक कळत नाही. दशकवार आलेख काढला तर काही नोंदी थेट चौदाव्या शतकात जाऊन बसतात. बहमनी राज्याची स्थापना १३४७ ची, म्हणजे हे कुणबी बहमनींच्याही आधी रांगेत उभे! हसण्यावारी नेण्यासारखा हा प्रकार वाटतो, पण यात खरे नुकसान आहे. एकच दस्त दोन ठिकाणी स्कॅन झाला असेल तर एकदा १३४४ चा आणि एकदा १९३४ चा म्हणून तो दोनदा मोजला जातो. वर्ष वेगळे दिसले की दुबार नोंदी गाळणारा प्रोग्राम त्याला हात लावत नाही.

ओबीसी दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ ही तारीख निर्णायक आहे. पुरावा त्याआधीचा हवा. ‘१९६७ पेक्षा कमी’ असा फिल्टर लावला तर १३४४ ही आकृती पास होते, पण चुकीच्या कारणाने. कागदावरचे साल पुसट असेल आणि कुणी ते अंदाजाने भरले असेल, तर ते कोणत्या पद्धतीचे आहे हे लिहिल्याशिवाय पडताळणी करणाऱ्याला काहीच आधार उरत नाही. कॅटलॉगमध्ये त्या रकान्यापुढे ‘सन फसली/इसवी, मूळ दस्ताप्रमाणे, रूपांतर स्वतंत्र रकान्यात’ असे लिहिलेले असेल, आणि डॅशबोर्डवरून एका क्लिकवर तिथे जाता येत असेल, तर प्रश्न विचारता तरी येतो.

जोडणी कशी होते?

यासाठी लागणारी अनेक सॉफ्टवेअर मुक्तस्रोत आहेत. डॅशबोर्डसाठी अपाचे सुपरसेट किंवा मेटाबेस, कॅटलॉगसाठी ओपनमेटाडेटा किंवा डेटाहब. सुपरसेटची सुरुवात २०१५ मध्ये एअरबीएनबी कंपनीत झाली, डेटाहब लिंक्डइनमधून बाहेर आले. मायक्रोसॉफ्टचे पॉवर बीआय किंवा टॅब्लो वापरणाऱ्यांनाही हीच कॅटलॉगे चालतात. फक्त पॉवर बीआयच्या बाबतीत कंपनीच्या ॲडमिनकडून आधी परवानगी उघडून घ्यावी लागते, आणि अनेकांचे काम तिथेच आठवडाभर अडकते.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी मूळ डेटाबेस कॅटलॉगला दाखवायचा. त्यात कोणते तक्ते, कोणते रकाने, हे कॅटलॉग वाचून घेतो. हे न करता थेट डॅशबोर्ड जोडला तर वंशावळीत नातू आहे आणि आजोबाच नाहीत, अशी गत होते.

मग डॅशबोर्डच्या सॉफ्टवेअरमध्ये कॅटलॉगसाठी वेगळे खाते काढायचे. फक्त वाचण्याचा अधिकार असलेले, कुणा माणसाच्या नावाचे नसलेले. साहेबांचा पासवर्ड देऊन काम उरकले की त्यांची बदली झाल्याच्या दुसऱ्या दिवशी जोडणी बंद पडते. या खात्यातून कॅटलॉगचा कनेक्टर एपीआयच्या वाटेने आत जातो आणि डॅशबोर्ड किती, त्यावर आलेख कोणते, प्रत्येक आलेखामागे कोणता तक्ता किंवा कोणती एसक्यूएल क्वेरी, याची यादी करतो. क्वेरी वाचून तो ठरवतो की हा आलेख अमुक तक्त्याच्या अमुक रकान्यावर उभा आहे. इथे वंशावळीची रेघ ओढली जाते. हे रोज रात्री आपोआप होईल असे वेळापत्रक लावून दिले की झाले.

नवख्याला सर्वात जास्त छळणारी गोष्ट नावाची आहे. कॅटलॉगमध्ये डेटाबेसला जे नाव दिले तेच नाव डॅशबोर्ड जोडताना द्यावे लागते. एक अक्षर इकडेतिकडे झाले तर चूक दाखवली जात नाही. डॅशबोर्ड येतात, तक्ते येतात, सगळे हिरवे दिसते, फक्त मधल्या रेघा नसतात. रेघा दिसत नसतील तर सर्वात आधी हे नाव तपासावे.

वंशावळ कुठे तुटते?

एक्सेलमध्ये. डेटाबेसमधून माहिती उतरवली, एक्सेलमध्ये ‘थोडी साफ’ केली, ईमेलवर पुढे पाठवली आणि दुसऱ्याने ती डॅशबोर्डवर चढवली, की वंशावळ त्या फाइलपाशी संपते. कॅटलॉगला फक्त ‘फायनल_नवीन_२’ असे नाव दिसते. त्या फाइलचे आईवडील कोण, हे तिला स्वतःलाही माहीत नसते. यावर कोणतेही सॉफ्टवेअर उपाय करू शकत नाही. साफसफाईचे नियम क्वेरीत लिहून ठेवणे एवढाच मार्ग आहे.

दुसरी जागा गावांच्या नावांची. नारायणगड एकच आहे असे बीडकरांना वाटते, पण जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ नारायणगड नावाचा किल्लाही आहे. राज्यभराच्या तक्त्यात नावावरून शोध घेतला तर दोन्ही एकत्र येतात. खुद्द बीडचे इंग्रजी स्पेलिंग जनगणनेच्या तक्त्यांत एका ‘आय’चे आहे आणि इतर बहुतेक ठिकाणी दोन ‘ई’चे. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबादचे धाराशिव, अहमदनगरचे अहिल्यानगर झाल्यावर जुन्या-नव्या नावांचे तक्ते जोडताना जिल्हेच्या जिल्हे गळतात. म्हणून नावाऐवजी सांकेतांक वापरायचे असतात. २०११ च्या जनगणनेत बीडचा सांकेतांक ५२३ आहे, आणि गावांसाठी केंद्र सरकारची स्थानिक शासन निर्देशिका आहे. कोणता रकाना नावाचा आणि कोणता सांकेतांकाचा, सांकेतांक कोणत्या यादीतला, हेसुद्धा कॅटलॉगमध्येच लिहायचे असते.

८०१, ८०७ की ९१६?

बीडचे ‘लिंग गुणोत्तर’ किती, असे शोधले तर हे तीनही आकडे समोर येतात आणि तीनही २०११ च्या जनगणनेचेच आहेत. ९१६ म्हणजे सर्व वयोगटांत दर हजार पुरुषांमागे स्त्रिया. ८०७ म्हणजे ० ते ६ वयोगटात दर हजार मुलांमागे मुली, आणि हा राज्यातला सर्वात कमी आकडा होता. २००१ मध्ये हाच आकडा ८९४ होता. ८०१ हा आधी जाहीर झालेला तात्पुरता आकडा, जो अंतिम आकडेवारीत ८०७ झाला. चौथा आकडा जन्माच्या वेळच्या गुणोत्तराचा. तो जन्मनोंदणीतून येतो आणि दरवर्षी बदलतो.

एखाद्या डॅशबोर्डवर ८०१ वरून ८०७ वर गेलेला हिरवा बाण दाखवला, तर ‘सुधारणा झाली’ असे वाटेल. प्रत्यक्षात मुलगी एकही वाढलेली नसते, फक्त तात्पुरत्याचे अंतिम झालेले असते. आणि ८०७ च्या शेजारी ताजे जन्म-गुणोत्तर ठेवून तुलना केली, तर दोन वेगळ्या गोष्टी एका तराजूत घातल्या जातात. गर्भलिंग निदानाच्या कारवायांनी ज्या जिल्ह्याचे नाव देशभर गाजले, तिथे अशा बाणावरून तपासणी मोहीम सैल पडणे परवडणारे नाही. पुढची जनगणना १ मार्च २०२७ या संदर्भ तारखेची आहे. तोवर डॅशबोर्डवर जनगणनेचा म्हणून ८०७ हाच आकडा राहणार, आणि तो किती जुना आहे हे त्याच्याशेजारी लिहिलेले असले पाहिजे.

केंद्राच्या सांख्यिकी मंत्रालयाने २९ जून २०२४ रोजी सुरू केलेल्या ई-सांख्यिकी पोर्टलवर आकडे आणि डेटा कॅटलॉग असे दोन्ही विभाग आहेत. जिल्हा पातळीवरच्या डॅशबोर्डना अशी जोड देणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. वेळ जातो तो प्रत्येक रकान्यापुढे एक वाक्य लिहायला आणि त्याचा जबाबदार माणूस ठरवायला. कॅटलॉगमध्ये ‘मालक’ नावाची एक जागा असते. बहुतेक ठिकाणी ती रिकामीच दिसते.

जोडणी करणाऱ्यांसाठी एक सावधगिरी. कॅटलॉग माहितीविषयीची माहिती साठवतो, माणसांची नावे नव्हे. पण बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये ‘नमुना डेटा’ नावाची सोय असते, जी तक्त्यातल्या काही ओळी उचलून सर्वांना दाखवते. जात, आजार, बँक खाते अशा तक्त्यांवर ती चालू राहिली तर कॅटलॉग बघणाऱ्या प्रत्येकाला खऱ्या माणसांची नावे दिसतील. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आता आहेच. अशा तक्त्यांसाठी ही सोय पहिल्या जोडणीच्या आधी बंद करावी. एकदा उचललेल्या ओळी नंतर कॅटलॉगमधून वेगळ्या पुसाव्या लागतात.