पाव मैल आणि पंचविसावा हिस्सा

(द्वितीय वर्ष, कला)

"वार्षिकासाठी कशावर लिहिणार?" असे वर्गातल्या मैत्रिणींनी विचारले, तेव्हा मी म्हटले, "छोट्या मोटारींवर." साऱ्या हसल्या. एकीने तर "एकोणिसाव्या वर्षी खेळणी?" असेही विचारले. त्यांचे हसणे मला गैर वाटले नाही. एक वर्षापूर्वी मीही हसले असते. परंतु ज्याला आपण सहज खेळणे म्हणून बाजूला सारतो, त्या वस्तूने मला गेल्या वर्षभरात जे शिकविले ते वाचकांपुढे ठेवावे असे वाटते.

आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, एका गॅरेजमध्ये इंजिन फिटर आहेत. त्यांच्या एका जुन्या गिऱ्हाइकाचा मुलगा अमेरिकेत असतो. घर आवरताना त्यांना माळ्यावर एक न उघडलेले खोके सापडले. "तुमच्या मुलीला बारीक काम आवडतं म्हणता ना, तिला द्या," असे म्हणून त्यांनी ते अण्णांच्या हाती दिले. आत प्लॅस्टिकचे शंभराच्या आसपास सुटे भाग, काळे टायर, पिवळी पडलेली चित्रे आणि इंग्रजी सूचनांचा एक कागद होता. खोक्यावर लांबलचक, सापळ्यासारखी दिसणारी एक विचित्र गाडी होती. ती ड्रॅग शर्यतीची गाडी, म्हणजे ड्रॅगस्टर.

ही शर्यत म्हणजे काय?

ड्रॅग शर्यतीत वळण नाही, फेऱ्या नाहीत. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहतात, दिवा हिरवा होतो आणि सरळ रेषेत जी आधी पोहोचेल ती जिंकते. अंतर पाव मैल, म्हणजे १३२० फूट. कॅलिफोर्नियातील कोरड्या सरोवरांच्या सपाट तळांवर तरुण मंडळी जुन्या मोटारी खटपट करून पळवीत असत. दुसऱ्या महायुद्धानंतर ही हौस विमानांच्या रिकाम्या धावपट्ट्यांवर आणि नको तेथे, म्हणजे रस्त्यांवरही आली. तिला शिस्त लावण्यासाठी १९५१ साली वॉली पार्क्स यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन स्थापन केली. पूर्वी झेंडा दाखवून शर्यत सोडीत. १९६३ पासून 'ख्रिसमस ट्री' नावाचा दिव्यांचा खांब आला. आज या शर्यतीतील सर्वांत वेगवान 'टॉप फ्युएल' गाड्या ताशी ५३० किलोमीटरच्या पुढे जातात. पेट्रोलऐवजी त्यांत प्रामुख्याने नायट्रोमिथेन जाळतात, आणि गाडी थांबवावयास मागे पॅराशूट उघडावे लागते. २००८ साली एका शर्यतीत स्कॉट कलिटा या चालकाचा मृत्यू झाला, तेव्हापासून या गाड्यांचे अंतर घटवून १००० फूट करण्यात आले. आपल्याकडेही लोणावळ्याजवळच्या अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग शर्यती झालेल्या आहेत. पण या खेळाचे माहेर अमेरिकाच.

पंचविसाव्या हिश्श्याचे गणित

या गाड्यांच्या प्रतिकृतींचे संच एएमटी, रेव्हेल, मोनोग्राम अशा अमेरिकन कंपन्यांनी काढले. १९५८ पासून एएमटीने 'एकात तीन' संच आणले. त्यांतून एकच मोटार मूळ रूपात, सजवून किंवा शर्यतीची अशी तीन प्रकारे बांधता येई. अमेरिकेत अशा संचांचे नेहमीचे प्रमाण १/२५, म्हणजे खऱ्या गाडीचा एक फूट येथे साधारण १२ मिलिमीटर होतो. आजची ३०० इंच चाकअंतराची ड्रॅगस्टर या मापाने बरोबर १२ इंचांची, आपल्या फूटपट्टीएवढी होते. पाव मैलाचा रस्ता ५३ फुटांचा होतो; आपल्या कॉलेजचा खालचा व्हरांडा त्याला पुरेल.

हे गणित एकदा डोक्यात बसले की प्रत्येक गोष्टीकडे पाहण्याची नजर बदलते. समजा, आपण रंगाचा दशांश मिलिमीटर जाडीचा थर दिला. दिसायला तो काहीच नाही. पण पंचवीस पटीने तो अडीच मिलिमीटर होतो, म्हणजे खऱ्या गाडीवर डांबर थापल्यासारखा! म्हणून रंग पातळ हवा आणि अनेक हातांत हवा. चमचमणाऱ्या रंगातील कणही बारीक हवेत, नाहीतर ते गाडीवर ठेवलेल्या टिकल्यांसारखे दिसतात.

ड्रॅगस्टरची प्रतिकृती करणाऱ्यांना बारीकसारीक तपशिलांचे एवढे वेड का, याचेही उत्तर मूळ गाडीतच आहे. साध्या मोटारीचे इंजिन बॉनेटखाली झाकलेले असते. तेथे चूक झाली तरी खपून जाते. ड्रॅगस्टरला बॉनेटच नसते. इंजिन, ब्लोअर, नळ्या, वायरी, सारे उघड्यावर. लपवावयास जागा नाही.

चुका आणि त्यांची दुरुस्ती

पहिली चूक मी आठवड्याभरातच केली. गॅरेजमधला थिनर रंगात घालून मी पुढच्या नाकाड्याच्या भागावर मारला. सकाळी पाहते तो प्लॅस्टिकला सुरकुत्या! हे प्लॅस्टिक पॉलिस्टिरीन असते आणि मोटारीच्या रंगाचा कडक थिनर त्याला विरघळवितो, हे मला ठाऊक नव्हते. गॅरेजच्या पेंटरकाकांनी तो भाग हातात घेतला, किंचित लांबी लावली, पाण्यात बुडवून बारीक पेपर मारला आणि म्हणाले, "आता आधी प्रायमर, मग पाण्यात मिसळणारा रंग. आणि पाऊस पडत असला तर हात लावू नकोस, रंग पांढरा पडतो." का, ते मी नंतर समजून घेतले. थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो आणि दमट हवेतील पाणी त्यावर धरते.

हीच विरघळण्याची गोष्ट चिकटविताना उपयोगी पडते. या कामाचा द्राव खळीप्रमाणे दोन भागांच्या मध्ये बसत नाही. दोन्ही कडा विरघळवून त्यांना एकजीव करतो. म्हणून तो थेंबाने नव्हे, काडीच्या टोकाने लावावयाचा. भाग साच्यातून येताना त्यांवर जोडाची एक बारीक रेघ राहते, ती आधी पातळ कानशीने घासून काढावी लागते. चकचकीत भागांवर ही रेघ काढली तर मुलामाही जातो. तेव्हा कपडे पांढरे करण्याच्या द्रावणात तो मुलामा पूर्ण उतरवून, भाग घासून, पुन्हा चंदेरी रंग द्यावयाचा. पिवळी पडलेली चित्रे खिडकीच्या काचेला आतून चिकटवून आठवडाभर उन्हात ठेवली, ती बरीच पांढरी झाली. जुनी चित्रे पाण्यात टाकताच तुकडे होतात, म्हणून त्यांवर आधी पारदर्शक वॉर्निशचा हात दिला. मागचे टायर नवे कोरे काळे दिसत होते. शर्यतीच्या टायरला नक्षी नसते आणि रस्त्यावर घासून त्याचा मधला भाग करडा होतो, म्हणून त्यावरही पेपर फिरविला.

गाडी कोणत्या सालची?

मी इतिहासाची विद्यार्थिनी. या छंदात इतिहास कोठे भेटेल असे वाटले नव्हते, पण भेटला. माझ्या संचातील गाडी 'स्लिंगशॉट' पद्धतीची आहे. हिच्यात इंजिन पुढे, आणि चालक अगदी मागे, मागच्या आसाच्याही पलीकडे बसतो, गोफणीतल्या दगडासारखा. म्हणजे काही फुटले तर ते त्याच्या अंगावरच. ८ मार्च १९७० रोजी कॅलिफोर्नियातील लायन्स धावपट्टीवर डॉन गार्लिट्स यांच्या गाडीची ट्रान्समिशन फुटली, गाडीचे दोन तुकडे झाले आणि त्यांच्या उजव्या पावलाचा काही भाग गेला. या अपघातानंतर त्यांनी इंजिन चालकाच्या मागे असलेली गाडी बांधली आणि १९७१ च्या मोसमाची पहिली मोठी शर्यत, पोमोना येथील विंटरनॅशनल्स, तिच्यावर जिंकली. काही वर्षांतच सर्वोच्च गटातील सर्व गाड्या तशा झाल्या. शर्ली मल्डाउनी या महिलेने १९७७, १९८० आणि १९८२ असे तीनदा अजिंक्यपद मिळविले तेही मागे इंजिन असलेल्या गाडीवरच. म्हणजे माझ्या गाडीवर १९८० सालच्या पुरस्कर्त्यांची चित्रे चिकटविणे हे शिवाजी महाराजांच्या चित्रात आगगाडी काढण्यासारखे झाले असते.

"हे इंजिन सुरू व्हायचं नाही"

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. संचात प्लगच्या वायरी नव्हत्या. त्या आपण घालावयाच्या. खरी वायर साधारण ८ मिलिमीटर जाडीची, तिचा पंचविसावा हिस्सा ०.३२ मिलिमीटर. मोटर रिवाइंडिंगच्या दुकानातून जळक्या मोटारीची तांब्याची तार आणली, ती नेमकी बसली. इंजिन क्रायस्लरचे 'हेमी', आठ सिलिंडरचे, दोन बाजूंना चार चार. याचे प्लग टॅपेट कव्हरच्या मधोमध खोल बसलेले असतात. कव्हरवर चार चार भोके पाडली, वरच्या मॅग्नेटोच्या टोपीवर आठ पाडली, आणि आठही तारा सुबक जोडल्या. तीन रात्री गेल्या. मला फार अभिमान वाटला.

अण्णा कामावरून आले. हात धुऊन, चष्मा लावून त्यांनी ती दिव्याखाली धरली. बराच वेळ पाहिली.

"काम छान झालंय. पण हे इंजिन सुरू व्हायचं नाही."

मला वाटले, ते थट्टा करताहेत. "अण्णा, ते प्लॅस्टिकचं आहे!"

"असू दे. तू एक, दोन, तीन, चार अशा ओळीनं वायरी लावल्यास. फायरिंग ओळीनं नसते, बाळ. पद्मिनीचं चार सिलिंडरचं इंजिन घे. एक-तीन-चार-दोन. या आठाचं काय आहे, ते शोध."

मग त्यांनी माझ्याच वहीच्या मागच्या पानावर क्रँकचे चित्र काढून समजाविले. क्रँकचे दोन फेरे म्हणजे ७२० अंश. तेवढ्यात आठही सिलिंडर एकेकदा पेटले पाहिजेत, म्हणजे दर ९० अंशांना एक. क्रँकवर जोर सारखा पडावा आणि हादरे कमी बसावेत म्हणून क्रम असा उलटसुलट ठेवतात. मी शोधले: हेमीच्या डाव्या बाजूस पुढून मागे १, ३, ५, ७, उजव्या बाजूस २, ४, ६, ८, आणि क्रम १-८-४-३-६-५-७-२. टोपीतला रोटर कोणत्या दिशेने फिरतो तेही पाहावे लागले. आठही तारा उपटल्या आणि पुन्हा लावल्या.

त्या वेळी मला थोडी लाज वाटली, आणि ती तारांची नव्हती. बाराव्या वर्षापासून गॅरेजमध्ये राबणाऱ्या माझ्या वडिलांना 'शिक्षण नाही' असे मी अर्जाच्या रकान्यात आजवर कितीदा लिहिले आहे. सातवी पास, एवढेच मला ठाऊक होते. इंजिनावर बसविलेला ब्लोअर पाहून "हा तर टू-स्ट्रोक डिझेलचा वाटतो" असे ते पटकन म्हणाले, आणि ते खरे निघाले. जनरल मोटर्सच्या ६-७१ डिझेल इंजिनाचा, म्हणजे ७१ घनइंचांचे सहा सिलिंडर असलेल्या इंजिनाचा ब्लोअर काढून शर्यतवाल्यांनी तो आपल्या इंजिनांवर चढविला होता. इंग्रजी कागद मी शब्दकोश घेऊन वाचला. गाडी मात्र त्यांनीच वाचली.

मैत्रिणींच्या प्रश्नाला माझे उत्तर एवढेच. वस्तू लहान करावयाची तर आधी ती पूर्ण समजून घ्यावी लागते. नळी कोठून निघते, कोठे जाते आणि का जाते, हे ठाऊक नसेल तर हातून नुसती सजावट होते. खर्च फार नाही. वेळ मात्र लागतो, आणि चूक कबूल करून उपटून टाकण्याची तयारी लागते.

हा लेख देण्यापूर्वी मी तो अण्णांना वाचून दाखविला. स्वतःबद्दलच्या मजकुरावर ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "मॅग्नेटोला बॅटरी लागत नाही, हे लिहायचं राहिलंय." खरेच राहिले होते. मॅग्नेटो आपली वीज आपणच तयार करतो. म्हणून त्या जुन्या गाड्यांत बॅटरी नसे, स्टार्टरही नसे. मागून दुसरी गाडी लावून त्यांना ढकलून सुरू करावे लागे. ती दुरुस्ती येथे करीत आहे.